सीटीचा ‘स्कोअर’ विचारण्याआधी

तायांनो, दुसऱ्या लाटेत गटाच्या बैठकांत कर्जाचं कारण म्हणून ‘छातीचा सीटी’ सारखं ऐकलं. ताप आला की शेजारीण विचारणार, “स्कोअर किती?”

सीटीचं मशीन छातीभोवती फिरून एक्स-रेच घेतं, पण पुष्कळ. किरणांचं माप मिलिसिव्हर्ट. छातीच्या साध्या एक्स-रेत ते साधारण 0.1, नेहमीच्या सीटीत 7 च्या आसपास. माती, हवा, आकाशातून आपल्याला वर्षाला सरासरी 2.4 मिळतंच. म्हणजे एका सीटीत जवळपास तीन वर्षांचं. मे 2021 मध्ये एम्सचे डॉ. रणदीप गुलेरिया एक सीटी म्हणजे 300-400 एक्स-रे म्हणाले, रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेनं ते खोडलं. नवी मशीनं कमी किरणांत काम करतात. तो वाद त्यांचा. आजार सौम्य, ऑक्सिजन नीट, तर आपण हौसेनं सीटी कशाला काढायचा?

पण धाप लागली, ऑक्सिजन 94 खाली गेला आणि डॉक्टरांनी सांगितलं, तर घाबरून टाळू नका. एका सीटीनं वाढणारा धोका फार थोडा असतो. दिवस गेल्याची शंका असेल तर आधी सांगा, लाजू नका. जुनी फिल्म सोबत न्या. सरकारनं सप्टेंबर 2020 मध्ये दर 2000 ते 3000 रुपये ठरवला होता, मशीनप्रमाणे. पावती मागाच, गटाच्या फाइललाही लागते.