अकरावीचे विषय : उरलेले नव्हे, निवडलेले



दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत पहिला प्रश्न असतो, ‘किती टक्के?’ आणि दुसरा, ‘सायन्स की कॉमर्स?’ आर्ट्सचे नाव सहसा कोणी घेत नाही. ते शेवटी येते आणि तेही खालच्या आवाजात. ‘काय करणार, आर्ट्सलाच घातला.’ या ‘च’ मध्येच सगळे दुखणे आहे. कला शाखा म्हणजे गुण कमी पडलेल्यांची जागा, आणि तिथले विषय म्हणजे जे उरले ते, असा समज घरोघरी पक्का झाला आहे. हा समज बाबासाहेबांच्या अनुयायांनी तरी बाळगू नये, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

बाबासाहेबांनी काय निवडले?

विषय निवडण्याचा प्रश्न प्रथम बाबासाहेबांनाही हायस्कूलातच पडला होता. त्यांना संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या कष्टाने मिळविले. म्हणजे कोणता विषय कोणी शिकावा, हे दुसऱ्याने ठरविण्याचा जाच त्यांनी कोवळ्या वयात सोसला होता.

१९१३ साली ते अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी किती अभ्यासक्रम घेतले याचा तपशील पाहण्यासारखा आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि फ्रेंच व जर्मन भाषांचा प्रत्येकी १. ज्यांना आज आपण ‘आर्ट्सचे विषय’ म्हणून नाक मुरडतो, तेच हे विषय! हा विद्यार्थी गुण कमी पडले म्हणून इकडे वळला होता काय?

पुढे यातील प्रत्येक विषय त्यांच्या हातातील हत्यार झाला. मानववंशशास्त्राच्या वर्गासाठी १९१६ साली त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. अर्थशास्त्रातून १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ आला. इतिहासाच्या अभ्यासातून १९४६ साली शूद्र पूर्वी कोण होते याचा शोध घेणारा ग्रंथ झाला. राज्यशास्त्र आणि कायदा यांचे फळ संविधानाच्या रूपाने आपणा सर्वांच्या पदरात आहे.

आमची चूक

आम्ही स्वतः कला शाखेचे पदवीधर आहोत आणि बँकेत कारकून आहोत. १९९० च्या दशकात अकरावीचा अर्ज घेऊन कॉलेजच्या खिडकीपाशी उभे राहिलो, तेव्हा अर्थशास्त्र घ्यावे असे मनात होते. खिडकीतल्या गृहस्थांनी अर्जावर एक नजर टाकली आणि म्हणाले, ‘ते तुम्हाला झेपायचे नाही. सोपे विषय घ्या.’ आम्ही मान डोलावली. ज्या विषयांच्या नोट्स गल्लीतल्या दादाकडे तयार होत्या, ते विषय लिहून मोकळे झालो. त्या गृहस्थांचा दोष होताच. पण ‘का झेपणार नाही?’ असे न विचारण्याचा दोष आमचा.

त्याची किंमत फार उशिरा कळली. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. आपल्याच समाजातील एक ताई गृहकर्जाचा कागद घेऊन काउंटरवर आल्या. ‘दादा, हप्ता तेवढाच आहे, मग कर्जाची वर्षे का वाढली?’ आकडे आम्ही दाखवू शकलो, कारण समजावू शकलो नाही. त्या रात्री भाच्याचे अकरावीचे अर्थशास्त्राचे पुस्तक घेऊन बसलो. महागाई वाढली की रिझर्व्ह बँक दर वाढविते. बदलत्या दराच्या कर्जात व्याज वाढते. हप्ता तोच ठेवला तर त्यातील जास्त भाग व्याजात जातो, मुद्दल हळू फिटते आणि मुदत लांबते. इतकी सरळ गोष्ट! झेपायचे नाही म्हणून जे सोडले, ते वयाच्या चाळिशीनंतर एका रात्रीत झेपले.

विषय आणि त्यांचे काम

इतिहास म्हणजे सनावळ्या नव्हेत, पुरावा तपासण्याची शिस्त आहे. कार्ले, कान्हेरी येथील शिलालेखांत व्यापारी, कारागीर, भिक्षुणी यांच्या दानाच्या नोंदी आहेत. ती लेणी केवळ राजांनी उभारली नाहीत, हे ज्याला वाचता येते तोच सांगू शकतो.

राज्यशास्त्र आपल्या हक्कांची वाट दाखविते. संविधान आपण पूजतो. पण हक्क डावलला गेला तर कलम ३२ प्रमाणे थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागता येते, हे किती घरांत ठाऊक आहे? ज्याला वकील व्हावयाचे आहे त्याला हा पाया उपयोगी पडतो. पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला बारावीनंतर कोणत्याही शाखेतून जाता येते.

समाजशास्त्र जात, कुटुंब, स्थलांतर यांच्याकडे तक्रार म्हणून नव्हे तर अभ्यास म्हणून पाहावयास शिकविते. मानसशास्त्र व्यसन, भीती, अंगात येणे यांची कारणे शोधते. मात्र त्यात व्यवसाय करावयाचा तर पदव्युत्तर शिक्षणापर्यंत जावेच लागते, हे पालकांनी आधीच जाणावे. भूगोलात प्रात्यक्षिक असते. ज्यांना नकाशे, पाणी, शेती यांत रस आहे त्यांनी तो घ्यावा. तर्कशास्त्राला अवघड म्हणून टाळू नये. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यांनी हे शास्त्र वाढविले. तो आपलाच वारसा आहे.

पालीविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला, ही आनंदाची गोष्ट आहे. त्रिपिटक मुळातून वाचावयाचे तर पाली हवीच. पण केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतून पाली हा वैकल्पिक विषय २०१३ साली वगळला गेला. तेव्हा केवळ त्या परीक्षेसाठी कोणी पाली सुचवीत असेल तर तो सल्ला जुना झाला आहे. पाली घ्यावी ती धम्म, इतिहास आणि संशोधन यांच्या ओढीने.

अर्थशास्त्र घेणाऱ्यांना एक महत्त्वाची सूचना. दिल्ली विद्यापीठासह अनेक नामवंत ठिकाणी अर्थशास्त्राच्या पदवीसाठी बारावीला गणित लागते. आपल्या मंडळात कला शाखेतही गणित व संख्याशास्त्र घेता येते. ज्यांना झेपेल त्यांनी ते सोडू नये. आणि झेपेल की नाही हे खिडकीतल्या माणसाने नव्हे, स्वतः ठरवावे.

निवड कशी करावी?

केसपुत्राच्या कालामांना भगवान बुद्धांनी सांगितले की, परंपरेने आले म्हणून, ऐकिवात आहे म्हणून किंवा गुरू म्हणतात म्हणून काही मानू नका. स्वतः पारखून घ्या. विषयनिवडीलाही हेच लागू आहे.

एक : बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर मोफत मिळतात. प्रत्येक विषयाचे पहिले दोन धडे वाचा आणि पुस्तक मिटून घरी आईला सांगून पाहा. जे सांगताना तुम्हालाच गोडी वाटली, तो विषय तुमचा.

दोन : कॉलेजात तो विषय खरोखर शिकविला जातो काय, शिकविणारे शिक्षक आहेत काय, याची चौकशी प्रवेशापूर्वी करा. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. पसंतिक्रम भरण्याआधीच ही चौकशी व्हावी.

तीन : विषयांची सांगड घाला. अर्थशास्त्र, गणित, राज्यशास्त्र. किंवा इतिहास, पाली, समाजशास्त्र. किंवा मानसशास्त्र, समाजशास्त्र, तर्कशास्त्र. एक विषय दुसऱ्याला हात देतो.

चार : जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. शिष्यवृत्ती अकरावीपासून असते आणि दाखल्यावाचून ती अडते.

ज्याला विज्ञानाची आवड आहे त्याने जरूर विज्ञानाला जावे. आमचे म्हणणे इतकेच की, शेजारच्याचा मुलगा गेला म्हणून जाऊ नये आणि गुण कमी पडले म्हणून मान खाली घालून कला शाखेत येऊ नये. बाबासाहेबांना संस्कृत नाकारले गेले. आज आपल्याला कायद्याने कोणताही विषय कोणी नाकारू शकत नाही. मग आपणच तो न पाहता कसा नाकारावा?

दहावीच्या निकालानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही विहारात अकरावीची सर्व विषयांची पुस्तके मांडून बसणार आहोत. मुलामुलींनी यावे, पालकांनीही यावे. चाळून पाहावे, प्रश्न विचारावेत. विशेषतः ‘का झेपणार नाही?’ हा प्रश्न.

भवतु सब्ब मंगलं!
जयभीम! नमो बुद्धाय!