फिट थांबत नाही म्हणजे औषध वाया गेले का?

एरवी या पानावर मी बेणेप्रक्रिया आणि हुमणीवर लिहितो. आज विषय वेगळा आहे.

माझी धाकटी बहीण कोपरखैरण्याला दिली आहे. मेहुणे वाशीच्या मार्केटात माथाडी. सात वर्षांच्या भाच्याला फिट येते, म्हणजे आपल्याकडची आकडी. दोन औषधे झाली तरी थांबेना. ‘औषध लागूच पडत नाही’ असे घरात ठरून गेले. मी त्यांच्याबरोबर मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी औषध बदलले नाही. आधी पोराचे वजन केले, गोळ्यांची पाकिटे मोजली. गावी आला की रात्रीची गोळी राहायची. वजन चार किलो वाढलेले, डोस जुनाच. हुमणीला निम्मेच औषध टाकून ‘माल भेसळीचा’ म्हणणारे आपले काही सभासद मला आठवले!

योग्य निवडलेली, अंगाला सोसणारी दोन औषधे पुऱ्या मात्रेत देऊनही फिट राहिली, तरच तो औषधाला दाद न देणारा अपस्मार, अशी व्याख्या 2010 साली जगभरच्या तज्ज्ञांनी ठरवली. असे रुग्ण साधारण तिघांत एक. निवडही जपून करावी लागते. कार्बामाझेपिन औषध चांगले, पण ड्रावे नावाच्या आजारात त्याने फिट वाढते. तान्हे बाळ पुन्हापुन्हा दचकल्यासारखे वाकत असेल तर पोटदुखी समजून दिवस घालवू नका. त्याला एसीटीएच, प्रेडनिसोलोन किंवा विगाबॅट्रिन लवकर लागते, नाहीतर बुद्धीची वाढ खुंटते.

दोन औषधे खरोखर हरली, तर तिसऱ्याने फिट पूर्ण थांबण्याची आशा कमी. मग शस्त्रक्रिया होईल का ते तपासतात, किंवा किटोजेनिक आहार देतात. तो 1921 पासून चालू आहे. भरपूर स्निग्ध, आणि साखर जवळपास बंद! साखर कारखान्याच्या पत्रिकेत हे लिहिताना हात अडखळतो, पण खरे आहे. गोड सिरपसुद्धा चालत नाही. हा आहार डॉक्टरांशिवाय सुरू करू नये.

सगळ्यात वाईट म्हणजे गोळी एकदम तोडणे. त्याने फिटमागून फिट लागते, जीवावर बेतते. तोडणीला आलेल्या टोळीत असे मूल असेल तर गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात हे मुकादमाने, चिटबॉयने विचारावे. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, चप्पल-कांदा हुंगवत बसू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठा. डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा दिला असेल, तर त्यांनी सांगितल्याप्रमाणे मारा.

भाच्याचा डोस वजनाप्रमाणे वाढवला. बहीण आता गोळी दिली की कॅलेंडरवर टिंब मारते. दिवाळीपासून एकदाच फिट आली, तीही तापात.