नऊ घोंगड्या आणि मेसचे खाडे
(अंतिम वर्ष, स्थापत्य)

होस्टेलवर राहणाऱ्याला वाद घालायला कुणी शिकवावं लागत नाही. पंखा तीनवर की पाचवर, गरम पाण्याला आधी नंबर कुणाचा, रश्श्यात बटाटा किती आणि पाणी किती, इथपासून थेट परराष्ट्र धोरणापर्यंत सगळ्या विषयांवर आपली मतं तयार असतात. मीही त्यातलाच. गेल्या वर्षी मेस सेक्रेटरी झालो तेव्हा तर मला वाटायचं, आपल्यासारखा बोलणारा अख्ख्या होस्टेलात नाही. पुढे जे झालं त्यामुळे मला चक्क लायब्ररीत जाऊन न्यायशास्त्र वाचावं लागलं. (सबमिशनच्या महिन्यात!)

आधी प्रश्न काय होता ते सांगतो, कारण डे-स्कॉलर मंडळींना आणि काही सरांनाही ‘खाडा’ म्हणजे काय ते माहीत नसेल. आपली मेस मुलंच चालवतात. महिन्याच्या एकूण खर्चाला सगळ्यांच्या मिळून जेवणाच्या दिवसांनी भागायचं की रोजचा दर निघतो. जो गावी जातो तो वहीत खाडा टाकतो, त्या दिवसांचे पैसे त्याला लागत नाहीत. तेव्हा सलग दोन दिवसांचा खाडा धरला जायचा. त्यामुळे शनिवार-रविवारी निम्मं होस्टेल रिकामं, पण आचाऱ्याचा आणि मावशींचा पगार काही निम्मा होत नाही. तो बोजा मागं राहिलेल्यांच्या बिलात. छेद लहान झाला की अपूर्णांक मोठा होतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. म्हणून मी जनरल मीटिंगमध्ये ठराव मांडला, की यापुढे खाडा किमान सलग तीन दिवसांचा.

ठराव अगदीच चुकीचा नव्हता, हे मी आजही म्हणेन.

विरोध करायला उभा राहिला तो माझाच रूम पार्टनर. मुळात कमी बोलणारा, त्यात समोर दीडशे पोरं. तो एवढंच म्हणाला, “अरे, दोन दिवसांचा खाडा बंद केलास तर गावाकडची पोरं उपाशी मरतील.”

मी जागेवरूनच म्हणालो, “उपाशी? शनिवार-रविवार आईच्या हातचं जेवतोस, वर लाडवांचा डबा घेऊन येतोस, आणि उपाशी मरतोस होय?”

हॉल जो हसला! त्यानं एकदा “तसं नाही, मी म्हणतोय की...” असं सुरू केलं, पण तोवर मागच्या बाकांवरून ‘लाडू, लाडू’ सुरू झालं होतं. तो खाली बसला. ठराव मंजूर. रात्री कँटीनवर चहा पिताना तो किस्सा मी स्वतः तीनदा सांगितला.

दुसऱ्या दिवशी रेक्टर सर जिन्यात भेटले. म्हणाले, “छल चांगला करतोस रे.” मला ऐकू आलं ‘छळ’. म्हटलं, “सर, मी कुणाचा छळ केला?” सर म्हणाले, “छळ नाही, छल. जा, न्यायसूत्रं बघ. मराठीत आहे लायब्ररीत.” आणि गेले.

तर आता थोडा अभ्यास. अक्षपाद गौतमाची न्यायसूत्रे सुमारे अठराशे ते दोन हजार वर्षांपूर्वीची, आणि त्यांच्यावर वात्स्यायनाचे भाष्य आहे. तर्कशास्त्राचा ग्रंथ म्हणजे सगळा धूर आणि अग्नी असणार, अशी माझी समजूत. पण त्यात बराच भाग माणसं एकमेकांशी कशी बोलतात यावर आहे. चर्चेला तिथे ‘कथा’ म्हणतात आणि तिचे तीन प्रकार सांगितले आहेत : वाद, जल्प आणि वितंडा.

गंमत म्हणजे आपण ‘उगाच वाद नको’ म्हणतो, आणि त्यांच्याकडे वाद हाच सगळ्यात चांगला प्रकार. दोघांनाही खरं काय ते शोधायचं असतं, दोघेही प्रमाण देतात, हरलो तरी काही जात नाही. जल्पात जिंकायचं असतं. तिथे प्रमाणांच्या जोडीला छल, जाति (म्हणजे वरवरच्या साम्याचा आधार घेऊन दिलेलं फसवं उत्तर) आणि निग्रहस्थानं हीही हत्यारं चालतात. वितंडा म्हणजे असा जल्प, ज्यात आपली बाजू मांडायचीच नाही, फक्त समोरच्याची पाडायची.

वितंडेबद्दल एक सांगून पुढे जातो. मराठीत ‘वितंडवाद’ हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो, पण दर वेळी तो माणूस वाईटच असतो असं नाही. बाराव्या शतकातल्या श्रीहर्षानं ‘खंडनखंडखाद्य’ नावाचा मोठा ग्रंथच या पद्धतीनं लिहिला. आपल्याकडे मेसच्या हिशोबात कुणी चूक काढली की ठरलेलं उत्तर असतं : “मग तूच चालव मेस!” हे चूक आहे. बेरीज चुकली हे सांगायला स्वयंपाक यावा लागत नाही. (हे वाक्य मी सेक्रेटरी असताना किमान दहा जणांच्या तोंडावर फेकलंय, म्हणून विशेष लक्षात आहे.)

आता छल. समोरच्याच्या शब्दाचा त्याच्या मनात नसलेला अर्थ लावायचा आणि मग तो अर्थ खोडून काढायचा. याचेही तीन प्रकार. पहिला वाक्छल. भाष्यातलं उदाहरण असं, की एकजण म्हणतो, हा मुलगा ‘नवकंबल’ आहे, म्हणजे याची घोंगडी नवी आहे. संस्कृतात ‘नव’ म्हणजे नवीन आणि नव म्हणजे नऊसुद्धा. दुसरा म्हणतो, कुठाय नऊ घोंगड्या? मला तर एकच दिसते! वाचून मी हसलो, आणि मग लक्षात आलं की होस्टेलात हे रोज चालतं.

दुसरा सामान्यछल. कुणी सर्वसाधारण बोलला की त्याला सगळ्यांवर लागू करून पकडायचं. “होस्टेलची पोरं गणितात बरी असतात” म्हटलं, की लगेच “मग एम-थ्रीत केटी लागलेले ते कोण, डे-स्कॉलर?” तिसरा उपचारछल, म्हणजे लक्षणेनं बोललेलं शब्दशः घ्यायचं. भाष्यात उदाहरण आहे : ‘मंच ओरडताहेत’ असं कुणी म्हणतो, म्हणजे मंचावरची माणसं ओरडताहेत. त्यावर दुसरा म्हणतो, लाकडाचे मंच कसे ओरडतील? आपल्याकडे “बी विंग रात्रभर ओरडत होती” अशी तक्रार आली, की “भिंतींना घसा असतो का?” म्हणणारा एक तरी निघतोच.

उपाशी मरणं. लाडू. माझा छल तिसऱ्या प्रकारचा होता. मला त्याचं म्हणणं समजलं नव्हतं असं नाही, समजून घ्यायचंच नव्हतं. गैरसमज कुणाचाही होतो, तो सांगितला की मिटतो. मी मात्र “तसं नाही” हे त्याचे शब्द ऐकले होते.

निग्रहस्थानं म्हणजे जिथे गाठलं की माणूस हरला असं मानायचं त्या जागा. न्यायसूत्रांत अशा २२ आहेत आणि त्यांतल्या कित्येक आपल्या मीटिंगांमध्ये सापडतात. विषय सोडून भलतंच बोलणं, ते अर्थांतर. आपल्यावरचा दोष न खोडता “तुमच्या वेळी काय होतं?” म्हणणं, ती मतानुज्ञा. कारण यात आपला दोष आपण मान्यच केलेला असतो. मला सगळ्यात आवडलेला विक्षेप : अडचणीत आल्यावर “मला काम आहे” म्हणून उठून जाणं. आपल्याकडे याला सबमिशन म्हणतात.

पण ज्याच्यापाशी मी अडकलो ते होतं अननुभाषण. समोरच्यानं तीनदा सांगितलं, सभेला कळलं, तरीही ज्याला ते आपल्या तोंडानं परत मांडता येत नाही, तो हरला. म्हणजे उत्तर देण्याआधी त्याचं म्हणणं म्हणून दाखवता आलं पाहिजे. हा नियम त्या दिवशी हॉलमध्ये असता, तर मी पहिल्याच वाक्याला बाद झालो असतो.

चरकसंहितेतही हा विषय आहे, विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात. वैद्यांनी आपसांत बोलावं कसं, तर एक संधाय संभाषा, म्हणजे जुळवून घेऊन, आणि दुसरी विगृह्य संभाषा, म्हणजे भांडून. दुसरीसाठी चरकानं डावपेचही दिलेत. समोरचा वाचनात कच्चा असेल तर लांबलचक सूत्रं म्हणून त्याला दडपून टाका, वगैरे. पहिलीत मात्र हरण्याची भीती धरू नये, हरवल्याचा आनंद मानू नये आणि बाहेर जाऊन बढाया मारू नयेत असं सांगितलंय. कँटीनवरचे तीन चहा आठवले.

न्यायसूत्रं म्हणतात, जल्प आणि वितंडा यांचा उपयोग काटेरी कुंपणासारखा, कोवळं रोप गुरांपासून राखायला. पण वाद कुणाशी करावा, तर शिष्य, गुरू आणि सब्रह्मचारी, म्हणजे बरोबर शिकणारे, अशांशी. होस्टेलला तो शब्द किती चपखल बसतो ते सोडा, पण माझा सब्रह्मचारी तीन फुटांवरच्या कॉटवर झोपत होता आणि मी त्याच्यासाठी काटे आणले होते.

पीएल लागल्यावर एका रात्री त्याला म्हटलं, “मीटिंगमध्ये तू काय म्हणत होतास ते मी सांगतो, चुकलं तर सांग.” मी सांगितलं : घरी जाणाऱ्यांना जेवणाचे पैसे वाचावेत असं तुला वाटतं. तो म्हणाला, “नाही.” पुन्हा सांगितलं. पुन्हा “नाही.” तिसऱ्यांदा त्यानंच सांगितलं. रोजचे ९० रुपये, महिन्याचे आठ दिवस, म्हणजे ७२०. एसटीचं भाडं आणि झेरॉक्स त्यातून निघायची. शनिवार-रविवारी तो घरी आराम करायला नाही, कांद्याच्या कामाला जात होता. त्याच्यासारखे अजून सात-आठ जण होते. हे दीडशे पोरांसमोर कोण सांगेल? म्हणून ‘उपाशी मरतील’ असं मोघम.

मग हिशोब मांडायला बसलो. ९० पैकी साधारण ३० रुपये पगार आणि गॅसचे निघाले, ६० शिध्याचे. पगार-गॅसचा वाटा सगळ्यांनी पूर्ण महिन्याचा द्यायचा, खाड्याला फक्त शिधा वजा करायचा, आणि खाडा आदल्या दिवशी वहीत टाकायचा म्हणजे भाजी वाया जात नाही. दोन दिवसांचा खाडा परत. मागं राहणाऱ्यांवर बोजा नाही, गावी जाणाऱ्यांना ४८० तरी सुटतात. हा तोडगा माझ्या ठरावात नव्हता, त्याच्या वाक्यातही नव्हता. पुढच्या मीटिंगला दहा मिनिटांत मंजूर झाला.

जीएसना आणि रेक्टर सरांना एक विनंती मात्र आहे. जनरल मीटिंगमध्ये विरोधात बोलणाऱ्यानं आधी ठराव मांडणाऱ्याचं म्हणणं सांगावं, आणि मांडणाऱ्यानं “हो, हेच” म्हटल्यावरच पुढे बोलावं. उत्तर देणाऱ्या सेक्रेटरीलाही हाच नियम. वेळ जाईल, कबूल. लाडवांवरही वेळ गेलाच होता.

पार्टनरनं पहिल्या ठरावानंतरच मेस सोडून बाहेरचा डबा लावला होता. नवा नियम झाल्यावर मी खाड्याची वही खोलीवर नेऊन त्याला दाखवली. पूर्वी मला ‘अरे’ म्हणणारा तो, आता ‘सेक्रेटरी’ म्हणतो. त्यानं रकाने नीट पाहिले, एका जागी माझी बेरीज चुकली होती ती दुरुस्त केली, “बरोबर आहे, सेक्रेटरी” म्हणाला, आणि डबा उघडून जेवायला बसला.