हिवतापाची जलद चाचणी : विश्वास कशावर ठेवावा?



आपल्या रुग्णालयात गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड, एटापल्ली, धानोरा या तालुक्यांतून येणाऱ्या तापाच्या रुग्णांची संख्या दर पावसाळ्यात वाढते. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. रक्ताची काचपट्टी प्रयोगशाळेत पोहोचून अहवाल गावी परतेपर्यंत कित्येक दिवस जातात. फॅल्सिपेरम जातीचा हिवताप मात्र तेवढा अवधी देत नाही; उपचारास विलंब झाल्यास तो मेंदूवर आघात करतो. म्हणूनच बोटातील रक्ताच्या एका थेंबावर १५ ते २० मिनिटांत निष्कर्ष देणारी जलद चाचणी दुर्गम भागासाठी वरदान ठरली आहे. उपचारापूर्वी प्रत्येक संशयित रुग्णाची रक्ततपासणी व्हावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली केली, ती प्रामुख्याने या चाचणीच्या बळावर.

प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, वैद्य नव्हे. तथापि चाचणी संचांची साठा नोंदवही माझ्याकडे असल्याने झालेली एक चूक येथे नमूद करणे कर्तव्य समजतो.

अहवाल वर्षातील मे महिन्यात कपाटे भरल्यामुळे देणगीतून आलेले काही संच पत्र्याच्या छपराच्या खोलीत ठेवण्यात आले. वेष्टनावरील मुदत शिल्लक होती, म्हणून मी नोंदवहीत सही केली. जूनमध्ये त्याच खोक्यातील संचावर सात वर्षांच्या एका मुलाची चाचणी नकारात्मक आली. “ताप उतरला नाही तर परत या,” असे आमच्या परिचारिकेने आईला बजावले होते. ती माउली तिसऱ्या दिवशी मुलाला घेऊन आली. काचपट्टीत फॅल्सिपेरमचे जंतू आढळले. मूल उपचाराने बरे झाले. दोष संचाचाच होता, हे सिद्ध करता येणार नाही. परंतु ते खोके आम्ही त्याच दिवशी बाद केले.

या घटनेनंतर आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून जे शिकलो, ते थोडक्यात असे :

१) ही चाचणी जंतू पाहत नाही, जंतूंनी रक्तात सोडलेली प्रथिने ओळखते. संचाच्या पट्टीवरील प्रतिपिंडे उष्णतेने व दमटपणाने निकामी होतात. संचाच्या प्रकारानुसार साठवणीची कमाल मर्यादा ३० किंवा ४० अंश सेल्सिअस असते. विदर्भातील उन्हाळा ती सहज ओलांडतो.

२) पट्टीवरील कंट्रोल रेषा उमटली म्हणजे द्रव नीट वाहिला, एवढेच सिद्ध होते. तेरीज जुळली म्हणजे प्रत्येक नोंद बरोबर असते असे नाही, तसेच हे आहे.

३) पाकीट आधीच फोडून ठेवणे, रक्ताचे वा द्रावणाचे थेंब कमी-अधिक टाकणे, निष्कर्ष वेळेआधी किंवा फार उशिरा वाचणे, यांमुळेही चूक होते. चाचणीची रेषा फिकट असली तरी ती सकारात्मकच धरावी.

४) रक्तात जंतू फार थोडे असल्यास चाचणी चुकू शकते. उलट, एचआरपी-२ हे फॅल्सिपेरमचे प्रथिन रुग्ण बरा झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहते. त्यामुळे उपचारानंतर लगेच आलेल्या सकारात्मक निष्कर्षावरून औषध लागू पडले नाही, असे मानू नये.

५) काही फॅल्सिपेरम जंतूंमध्ये हे प्रथिन घडवणारे जनुकच नसते. पेरू देशातील ॲमेझॉन खोऱ्यातील असे जंतू २०१० साली प्रथम प्रकाशात आले. पुढे आफ्रिकेतील एरिट्रिया देशाला याच कारणाने आपली चाचणी बदलावी लागली. भारतातही असे जंतू अल्प प्रमाणात आढळले आहेत.

सारांश, चाचणी टाकाऊ नाही. पुरात अडकलेल्या गावाला तिच्यावाचून दुसरा आधारही नाही. परंतु तिची विश्वासार्हता खोक्यात बंद होऊन येत नाही. साठवणीची खोली, आशाताईंचा सराव, हातातील घड्याळ आणि शंका आल्यास काचपट्टी तपासणारा तंत्रज्ञ या साखळीवर ती उभी असते.

आता संचांच्या प्रत्येक कपाटात तापमापक असून दैनंदिन नोंद ठेवली जाते. मुदतीसोबत तापमानाची नोंद पाहिल्याखेरीज मी सही करीत नाही. देणगीदारांस नम्र विनंती की, संचांसाठी साहाय्य करताना साठवण, प्रशिक्षण व सूक्ष्मदर्शकाचा खर्चही ध्यानी घ्यावा. अशा खर्चावर दात्याचे नाव कोरता येत नाही, पण संचाचे मोल त्यावरच ठरते.

रुग्णांच्या कुटुंबीयांस एवढेच सांगणे की, चाचणी नकारात्मक आली तरी ताप कायम असल्यास दुसऱ्याच दिवशी परत यावे. रुग्ण गुंगीत असेल, त्याला झटके येत असतील किंवा पाणीही पोटात ठरत नसेल, तर क्षणाचाही विलंब करू नये. परत येणाऱ्यास येथे कोणीही “पुन्हा कशाला आलात?” असे विचारणार नाही.