गल्ल्यावर कोण बसलंय?

२९ जून २०२४ ला ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर विश्वचषक जिंकून रोहित शर्माने खेळपट्टीचं गवत तोंडात टाकलं आणि टोरांटोतल्या आमच्या मराठी मंडळींना बार्बाडोसचा पत्ता सापडला. इथून थेट विमान आहे, पाचेक तासांत पोचता येतं. आमचं जाणं-येणं त्याच्या कितीतरी आधीपासूनचं, कारण शेजारच्या आजी मूळच्या तिथल्या, सेंट फिलिप परगण्यातल्या. त्यामुळे ‘जेवायचं कुठे?’ विचारणारे फोन हल्ली मला येतात. हॉटेलांची यादी मी कुणाला देत नाही. जेवणाचे पैसे तिथल्याच कृष्णवर्णीय माणसाच्या गल्ल्यात पडावेत, म्हणून हे सांगते.

१. ताट आणून देणारा आणि पैसे मोजून घेणारा एकच, असं धरून चालू नका.

बेट जेमतेम मुंबई महापालिकेच्या हद्दीएवढं. वस्ती तीन लाखांच्या आत, आणि दहातले नऊ जण आफ्रिकी वंशाचे. साहजिकच कुठेही बसलात तरी वाढणारा माणूस बहुधा कृष्णवर्णीयच असतो. मालकाचा पत्ता त्यावरून लागत नाही. १६२७ मध्ये इंग्रजांनी इथे वसाहत केली, मागोमाग ऊस आला आणि उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून माणसं गुलाम करून आणली. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, तेव्हा ब्रिटिश सरकारने साम्राज्यभरच्या मालकांना दोन कोटी पौंड भरपाई वाटली. राबणाऱ्यांच्या हाती दमडी पडली नाही. उलट ‘उमेदवारी’च्या नावाखाली आणखी चार वर्षं त्यांना त्याच मळ्यांवर जुंपलं. भांडवल कुणाच्या घरात राहिलं, हे वेगळं सांगायला नको. पश्चिम किनाऱ्यावरच्या महागड्या हॉटेलांत परदेशी पैसा किती, तेही उघडच आहे. इतकंच कशाला, १७०३ पासूनचा दाखला मिरवणारी माउंट गे रम आज फ्रेंच कंपनीची आहे. बाटलीवर बेटाचा नकाशा असला म्हणून नफा बेटावर राहतोच असं नाही.

तेव्हा सरळ विचारावं, “ही जागा तुमचीच का?” उत्तर ‘हो’ असेल तर पुढची दहा मिनिटं तुम्हाला बोलावंच लागत नाही. उत्तर टाळलं गेलं, तरी कळायचं ते कळतं.

२. ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ घेऊ नका.

आपल्या रक्तात वसुली आहे. तीन वेळचं जेवण आधीच भरलेलं असलं की बाहेर चार डॉलर खर्चायला जीव होत नाही, मग आठवडाभर तोच बुफे आणि तीच कलिंगडाची फोड. फक्त नाश्ता असलेली खोली घ्या. बाकीचं पोट मोकळं ठेवा.

३. टपरी लहान का, हे बघा.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर. बेटावर फिरताना लाकडी, रंगीत, टुमदार घरं दिसतात आणि लोक त्यांचे फोटो काढत सुटतात. त्यांना चॅटल हाउस म्हणतात. खाली नीट पाहिलंत तर पाया नसतो. सुटे दगड रचून त्यांवर घर टेकवलेलं असतं. गुलामगिरी संपली तरी जमीन मळेवाल्याचीच राहिली. मजुराला तिच्यावर फक्त राहू दिलं जायचं, आणि मालकाची मर्जी फिरली की निघावं लागायचं. मग तो फळ्या सोडवायचा, गाडीवर घालायचा आणि दुसरीकडे जाऊन पुन्हा उभ्या करायचा. ज्याच्या पायाखालची जमीन दुसऱ्याची, त्याला कर्ज कोण देणार आणि तो हॉटेल कशाच्या जोरावर काढणार?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हजारो माणसं पनामाचा कालवा खणायला गेली. त्यातली जी जिवंत परतली, त्यांनी आणलेल्या पैशाला अजूनही ‘पनामा मनी’ म्हणतात. त्यातून जमिनीचे तुकडे विकत घेतले गेले, छोटी दुकानं निघाली. मळ्यांवरच्या भाडेकरूंना राहती जागा स्वस्तात विकत घ्यायचा हक्क देणारा कायदा मात्र थेट १९८० साली झाला. म्हणजे माझ्या आईच्या वयाच्या बाईला स्वतःच्या अंगणावर हक्क मिळाला तो चाळिशी उलटल्यावर.

वाटेवरच्या रमशॉपमध्ये चार स्टुलं, एक फ्रीज आणि काचेच्या पेटीत फिशकेक एवढंच दिसतं, तेव्हा ही सगळी हकिकत मनात असू द्या. मालकाला महत्त्वाकांक्षा नव्हती असा निष्कर्ष आपण फार पटकन काढतो.

आता एक आडवळण. कृष्णवर्णीय मालकी म्हटली की सगळं पुण्यवान, असंही मानू नका. अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिजटाउनमध्ये रेचल प्रिंगल पोलग्रीन नावाची बाई खानावळवजा हॉटेल चालवायची. आई गुलाम, स्वतःही जन्माने गुलाम, पण पुढे स्वतंत्र आणि चांगली पैसेवाली झाली. इंग्लंडच्या राजपुत्राने दारूच्या नशेत तिच्या हॉटेलातल्या सामानाची मोडतोड केली आणि तिने दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे बिल पाठवलं, अशी कथा तिथे चवीने सांगतात. ती गुलाम बाळगून होती, हे मात्र सांगताना गाळतात. आजींनी गाळलं नव्हतं.

४. वार बघून जेवा.

शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सला मासे खायला सगळं जग लोटतं. जायला हरकत नाही, स्टॉल तिथल्याच लोकांचे आहेत. पण सगळ्यात लांब रांगेच्या शेपटाला जाऊन उभं राहू नका. ती रांग पुष्कळदा एकाच गाइडबुकाने लावलेली असते. शेजारच्या स्टॉलवर तोच मासा, तीच शेगडी, आणि बाई रिकाम्या उभ्या. तिथे घ्या. मासा उलटायच्या आधी त्या चिमट्याने कडेला हलकेच उचलून बघतात. चिकटला असेल तर ओढाओढ करत नाहीत, आणखी थोडं थांबतात. मागे म्हातारे डॉमिनोची सोंगटी टेबलावर अशी आपटतात की नवख्या माणसाच्या हातातला पेला हिंदकळतो.

शनिवार पुडिंग अँड साउसचा. लिंबू, काकडी, कांदा, मिरचीत मुरवलेलं डुकराचं मांस आणि सोबत वाफवलेल्या रताळ्याचं काळसर पुडिंग. हे पुष्कळदा कुणाच्या तरी घराच्या ओसरीवरून विकलं जातं आणि दुपारपर्यंत खलास होतं. आदल्या दिवशी सांगून ठेवावं.

नोव्हेंबरात गेलात तर कॉन्कीज. मक्याचं पीठ, लाल भोपळा, रताळं, नारळ असं केळीच्या पानात बांधून वाफवतात. पान उलगडताना येणारा वास थेट आपल्या पातोळ्यांचा भाऊ. ३० नोव्हेंबर हा १९६६ पासूनचा स्वातंत्र्यदिन, म्हणून तो महिना कॉन्कीजचा. रविवारी मात्र लहान दुकानं बंद असायची शक्यता धरूनच निघा.

५. आधी ‘गुड आफ्टरनून’, मग ऑर्डर.

दुकानात शिरताना सगळ्यांना उद्देशून मोठ्याने म्हणायचं. गिऱ्हाईक म्हणून आलोय, तेव्हा मान हलवली की पुरे, हे तिथे चालत नाही. आणि घासाघीस नको. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर, हा दर कित्येक वर्षं ठरलेला आहे, त्यामुळे हिशेब सोपा. रोख ठेवा, तेही सुटे. मोठ्या हॉटेलात सेवाशुल्क बिलातच लावलेलं असतं. टपरीवर नसतं, तिथे वरचे पैसे हातात द्या.

६. कुठला मासा खायचा, हे घरून ठरवून जाऊ नका.

कू-कू आणि फ्लाइंग फिश हे राष्ट्रीय जेवण. मक्याचं पीठ आणि भेंडी घोटून केलेलं कू-कू, वर रस्सा आणि मासा. एक डॉलरच्या नाण्यावरही हाच उडता मासा आहे. पण विश्वचषकानंतर ज्या बेरिल वादळाने आपला संघ बेटावर अडकून पडला, त्याच वादळाने १ जुलै २०२४ ला इथल्या कित्येक मासेमारी बोटी फोडल्या. आपली पोरं विमानाने दिल्लीला पोचली, मिरवणूक झाली. कोळ्याला बोट पुन्हा पाण्यात घालायला किती काळ लागतो, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. तेव्हा “आज काय आलंय?” एवढंच विचारा. पाटीवर ‘डॉल्फिन’ दिसलं तर दचकू नका, तो माहीमाही.

७. शाकाहारी असाल तर प्रश्न नेमका विचारा.

‘राइस अँड पीज’मधले पीज म्हणजे बहुतेकदा आपली तूरच. पण त्यात चवीला खारवलेली डुकराची शेपटी पडलेली असू शकते. ‘मांस आहे का?’ म्हटलं तर ‘नाही’ म्हणतील, कारण शेपटीला तिथे मांसात कोण धरतो? नाव घेऊन विचारा. मॅकरोनी पाय चालेल, तळलेली केळी चालतील. रास्ताफारी लोकांचे ‘आयटल’, म्हणजे शाकाहारी, स्टॉल दिसले तर डोळे मिटून बसा. ब्रेडफ्रूट तर मालवण-गोव्याकडचा निरफणसच. मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोसता यावं म्हणून कॅप्टन ब्लायने १७९३ मध्ये ताहितीहून त्याची रोपं कॅरिबियनमध्ये आणली. फिशकेकमधला खारवलेला कॉडही तसाच, आमच्या कॅनडाच्या किनाऱ्यावरून मळ्यांवर जायचा, स्वस्त शिधा म्हणून. त्या शिध्याचं या लोकांनी काय करून दाखवलं, ते खाल्ल्यावर कळतं. शेजारी पिवळा पेपर सॉस असेल. हळद आणि मोहरी बघून आपलाच म्हणत चमचाभर घ्याल. थेंबाने सुरुवात करा.

८. उपकार करायला जाऊ नका.

बेचव असेल तर पुन्हा जाऊ नये. ‘आपण यांना मदत करतोय’ असा चेहरा करून जेवणारं गिऱ्हाईक त्या बायका लांबून ओळखतात. चांगलं मिळालं तर नकाशावर जागेचं नाव, वार आणि वेळ नीट टाका, कारण लहान दुकानं त्यावर नसतात किंवा भलत्याच गल्लीत असतात.

आणि संध्याकाळी रमशॉपमध्ये नुसते बसा. भारतीय म्हटल्यावर क्रिकेट निघतंच. १९६२ मध्ये तिथेच ग्रिफिथचा चेंडू आपल्या कर्णधाराच्या, नरी कॉन्ट्रॅक्टरच्या, डोक्याला लागला आणि वेस्ट इंडिजचा कर्णधार फ्रँक वॉरेलने त्याच्यासाठी रक्त दिलं, हे मी तिथे ऐकलं तेव्हा सांगणाऱ्याचा सूर घरातली गोष्ट सांगावी तसा होता. माझ्या नवऱ्याने बापू नाडकर्णी आणि चंदू बोर्ड्यांनीही दिलं होतं, असं सांगितल्यावर समोरच्या दोघांनी ते आधी मानायलाच नकार दिला. वाद तासभर चालला. तेवढ्यात फिशकेकची पेटी रिकामी झाली होती.