लहरींचा हिशेब आणि जालन्याची मुले

दहावी-बारावीचे निकाल लागले, की अंबड, परतूर, भोकरदनकडून जालन्यास येणारे पालक एकच पृच्छा करतात, की कोणता कोर्स केला असता मुलाची नोकरी पक्की होईल. परंतु ज्या पोलाद कारखान्यांच्या सळयांवर या शहराची ख्याती आहे, त्यांच्या वीजवाहिन्यांतच संकेत-प्रक्रिया (सिग्नल प्रोसेसिंग) ही एक अर्थकरी विद्या अभ्यासास उपलब्ध आहे, याची वार्ता त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचते.

भंगार वितळविणाऱ्या इंडक्शन भट्ट्या 50 हर्ट्झचा प्रवाह प्रथम डीसी करून घेतात आणि त्या क्रियेत वाहिनीत हार्मोनिक्स, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटीतील लहरी, सोडतात: रेक्टिफायर सहा-पल्स असेल तर मुख्यतः 250 व 350 हर्ट्झचे, बारा-पल्स असेल तर 550 व 650 हर्ट्झचे. त्यांपायी ट्रान्सफॉर्मर तापतात, कपॅसिटर निकामी होतात. बियाण्याच्या चाळणीप्रमाणे इष्ट लहर राखून अनिष्ट लहर वेगळी काढणारे फंक्शन, म्हणजे फिल्टर, संगणकावर स्वतः रचता येणे, हे आमच्या मते या विद्येचे पहिले लक्षण होय.

यासाठीच्या सॉफ्टवेअरपैकी मॅटलॅबचा परवाना खर्चाचा आहे. सायलॅब व ऑक्टेव्ह मात्र विनामूल्य असून, आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने सायलॅबचे पाठ मराठीतही उपलब्ध केले आहेत. तयार फिल्टर एका ओळीत लागू होतो, हे खरे. तथापि विद्यार्थ्याने आधी लगतच्या काही नोंदींची सरासरी घेणारे साधे फंक्शन लिहावे व त्याने लहर किती मागे सरकते, हे पाहावे.

खरा पेच पुढेच आहे. सेकंदास 1000 नोंदी घेतल्या, तर 500 हर्ट्झपर्यंतच्याच लहरी यथार्थ दिसतात. 650 हर्ट्झची लहर त्या दप्तरात 350 हर्ट्झची म्हणून दाखल होते, आणि तिच्यावरून बारा-पल्स भट्टीस सहा-पल्सचा उपाय सुचविणारा उमेदवार मालकाचे पैसे नाहक खर्ची घालतो. हा गोंधळ नोंदीनंतर कोणत्याही फंक्शनाने निस्तरत नाही. नोंदीपूर्वीच सर्किटात फिल्टर बसवावा लागतो. म्हणून केवळ सॉफ्टवेअर शिकविणाऱ्या क्लासांच्या जाहिरातींविषयी आम्हांस फारशी आस्था नाही.

आलेखाचेही तसेच. अक्षांच्या मर्यादा सॉफ्टवेअर आपल्या मर्जीने ठरविते. 50 हर्ट्झच्या उत्तुंग शिखराशेजारी बाकीची शिखरे दिसेनाशी होतात, ती पाहण्यासाठी उभा अक्ष डेसिबलमध्ये घ्यावा लागतो. पण तोच आलेख मालकापुढे ठेवला, तर क्षुद्र हार्मोनिकही त्यास भयंकर भासेल. तेव्हा सोबत टक्केवारी द्यावी, एकके लिहावीत.

या तयारीचा उपयोग ऊर्जा-लेखापरीक्षणात, यंत्रांच्या कंपन-तपासणीत, ईसीजी उपकरणांत, फार काय, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवरही होतो. दहावीनंतर इलेक्ट्रॉनिक्स वा इलेक्ट्रिकल पदविका आणि पुढे अभियांत्रिकी, हा मार्ग पुरेसा आहे. मात्र प्रवेशाची रक्कम भरण्यापूर्वी, प्रयोगशाळेतील ऑसिलोस्कोप विद्यार्थ्यांच्या हाती प्रत्यक्ष दिला जातो काय, याची चौकशी पालकांनी शेवटच्या वर्षातील मुलांकडेच करावी.