मारबतीच्या त्या फोटोविषयी

नागपूर

चि. बाळूस,


रविवारच्या तुमच्या फोटो पाहण्याच्या बैठकीत काय झालं ते तुझ्या आईनं सांगितलं. एका मुलानं मारबतीच्या पुतळ्याच्या मिरवणुकीचा फोटो समोर ठेवला, तू एक नजर टाकून ‘यात काही दम नाही’ म्हणालास, आणि तो फोटो पिशवीत घालून निघून गेला. रागवायला लिहीत नाही. तुझी नजर चांगली आहे, आणि ती इतरांच्या उपयोगी पडावी असं मला मनापासून वाटतं.

आधी माझी चूक ऐक. फिल्मच्या दिवसांत एका मित्रानं मला दीक्षाभूमीवरचा फोटो दाखवला होता. दसऱ्याची गर्दी, आणि मधोमध पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी शांत बसलेली. मी म्हणालो, ‘क्षितिज वाकडं आलंय.’ ते वाकडं होतंच. त्यानं प्रिंट पाकिटात ठेवली. ती त्याची आई होती आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा त्याला कडेवर घेऊन ती त्याच मैदानात उभी होती, हे मला फार उशिरा कळलं. त्या म्हातारीच्या चेहऱ्याबद्दल मी एक शब्द बोललो नव्हतो. पुढे त्यानं मला एकही फोटो दाखवला नाही.

तुझ्या आईनं तो मारबतीचा फोटो मला मोबाइलवर पाठवला. मी तो बराच वेळ पाहिला. पिवळी मारबत १८८५ पासून निघते, काळी त्याच्याही आधीची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खी इतवारी कॅमेरे घेऊन त्यांच्या तोंडासमोर उभी असते. या पोरानं मात्र काळी मारबत अर्धीच घेतली आहे आणि वर गॅलरीतून लेकराला पुढे धरून ती दाखवणारी बाई नेमकी टिपली आहे. लेकरू भ्यालंय, बाई हसते आहे. बाळू, हे तुला दिसलं होतं का?

आता दोष. मारबत काळी नाही, राखेसारखी आली आहे आणि आभाळ पांढरं फटक पडलंय. त्याचं कारण साधं आहे. समोरचं सगळं मध्यम राखाडी उजेडाचं आहे असं धरून कॅमेरा प्रकाश मोजतो. चौकटीत काळं जास्त भरलं की तो जादा प्रकाश घेतो. एक स्टॉप कमी केला असता तर मारबत काळी राहिली असती, आभाळही थोडं सावरलं असतं. ‘दम नाही’ ऐकून त्यानं पुढच्या पोळ्याला काय करायचं? ‘एक स्टॉप कमी कर’ हे मात्र तो करू शकतो.

फोटोबद्दल असं बोलायला मला ज्यांनी शिकवलं ते फार बोलत नसत. पुठ्ठ्याच्या एल आकाराच्या दोन पट्ट्या ते माझ्या प्रिंटवर ठेवायचे आणि हळूहळू सरकवायचे. एक खांब बाहेर जायचा, एक हात आत यायचा. मग विचारायचे, ‘तुला यात काय दाखवायचं होतं?’ माझं उत्तर ऐकल्यावरच पट्ट्या कुठे थांबवायच्या ते ठरायचं. चौकट माझीच राहायची. तुझ्याकडून मला हीच अपेक्षा आहे. तू त्या जागी असतास तर काय काढलं असतंस, हे त्याला सांगू नकोस. त्याला जे काढायचं होतं त्याच्या तो किती जवळ पोचला, ते सांग. आणि चारचौघांत ऐकायचं की बाजूला बसून, हे त्यालाच ठरवू दे.

कौतुकातही हयगय नको. ताडोब्याहून आलेल्या प्रत्येक वाघाला तुमच्यात ‘भारी!’ मिळतं. कान ताठ आहेत, शेपटी कापली गेली आहे, प्रकाश मागून आला आहे, यातलं कोणी काहीच पाहत नाही. वाघ भारी असतोच, फोटोचं काय? मात्र वाघाची वाट अडवून, जिप्सी पुढे घालून काढलेला फोटो समोर आला तर तिथं मऊ बोलू नकोस. ‘हा असा काढायचा नव्हता’ एवढं स्पष्ट सांग, मग तो कितीही सुंदर असो.

या आठवड्यात त्या मुलाच्या घरी जा. माफी दोन वाक्यांत माग, लांबण लावू नकोस, आणि फोटो पुन्हा पाहायला माग. आधी त्या बाईबद्दल बोल.

माझ्या त्या जुन्या पट्ट्या तुझ्या आईबरोबर पाठवतो आहे. कडा झिजल्या आहेत, काटकोन अजून पक्का आहे.

तुझे
मोठेबाबा